बांदीनोचे बूट

पिसामध्ये माणूस जिवंतपणी कुठं राहतो याची चौकशी फारसं कुणी करत नसे. मेल्यावर कुठं पडतो, हे मात्र लग्न जुळवतानासुद्धा विचारत. मोठ्या चर्चच्या भिंतीला लागून दगडी पेटी असली की घराणं मोठं. पेटीही साधी चालत नसे. ती जुन्या रोमन लोकांची हवी, संगमरवरी, कोरीव. अशा पेट्या कधी शेतात नांगराला अडत, कधी जहाजाच्या तळाशी भार म्हणून येत. पिसाची घराणी त्या हौसेनं विकत घेत, आतला मूळ मालक हलकेच बाहेर काढत आणि त्या जागी आपले वडील निजवत. मूळ मालकाची कधी तक्रार आली नाही. घर तेच, भाडेकरू बदलला, एवढाच काय तो व्यवहार.

मिंगार्दाबाईंच्या नवऱ्याची पेटी अशीच होती. नवरा बांदीनो सार्दिनियाहून चामडं आणि चीज आणायचा. तो गेल्यावर बाईंनी धंदा स्वतः चालवला, आणि असा चालवला की दोघे दीर सणाला यायचे, जेवायचे, वहिनीच्या हातच्या मासळीचं कौतुक करायचे आणि जसे आले तसे रिकाम्या हातांनी परत जायचे.

त्या वर्षी चर्चच्या मागं नवं काम्पोसान्तो, म्हणजे पवित्र दफनभूमी, पुरं होत आलं. चहूबाजूंनी लांबलचक ओवरी, मधे मोकळं अंगण आणि त्या अंगणात ती माती. ख्रिस्ताला ज्या टेकडीवर क्रुसावर दिलं त्या कालवारीची माती कुण्या जुन्या बिशपनं गलबतं भरभरून आणली होती. त्या मातीत प्रेत ठेवलं की एका दिवसात ती मांस खाऊन टाकते, असं फादर लोक सांगत आणि ऐकणारे मान डोलवत. पाहिलं कुणीच नव्हतं. पण पिसात न पाहिलेल्या गोष्टीवरच लोकांचं एकमत होतं. पाहिलेल्या गोष्टींवर, म्हणजे समोरचा घंटेचा मनोरा कलतो की जमीनच वाकडी आहे असल्या गोष्टींवर, अजून भांडणं चालत.

तर आता चर्चच्या भिंतीलगतच्या सगळ्या पेट्या उचलून त्या ओवरीत मांडायच्या होत्या. काम फादर तेपेर्तोंकडं आलं. बुटके, गोलमटोल, नाकावर नव्यानंच निघालेल्या काचा लावणारे हे फादर रविवारी मिस्सा संपल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "दोन अटी आहेत. पेटीवरचं चित्र आपल्या धर्मात बसणारं हवं, उघडेनागडे देव आत येणार नाहीत. आणि पेटीत माणूस हवा. रिकाम्या पेट्या लावून कुणी जागा अडवायची नाही. ज्या पेट्या यात बसणार नाहीत त्या फोडून भट्टीत जातील. चुना आपल्याला लागतोच आहे."

पहिली अट ऐकून मिंगार्दाबाई गालातल्या गालात हसल्या. दुसरी ऐकून त्यांच्या हातातली जपमाळ फरशीवर पडली.

कारण पेटीत बांदीनो नव्हता.

बांदीनोचं जहाज सतरा वर्षांपूर्वी सार्दिनियाजवळ बुडालं. प्रेत मिळालं नाही. तो आदल्या दिवशी एका खानावळीत बूट विसरून गेला होता, तेवढे परत आले. आता प्रेत नाही म्हणजे मरण नाही, आणि मरण नाही म्हणजे बायको विधवा नाही. दिरांनी लगेच हिशेब मांडला होता. 'दादा येईपर्यंत धंदा आम्ही बघतो, वहिनी, तुम्ही काळजी करू नका.' वहिनींनी काळजी केली नाही. 'प्रेत बंदरावर आलं,' असं जाहीर केलं. म्हातारी मोलकरीण नेसे हिला हाताशी धरलं, कफनात पेंढा आणि बूट गुंडाळले, आणि खांदेकऱ्यांना वजन लागावं म्हणून परसातल्या अंजिराखालची माती खोऱ्यानं ओढून आत भरली. खांदेकरी घामाघूम झाले. एक तर म्हणाला होता, "बांदीनो समुद्रावर जाऊन चांगलाच सुधारला."

घरी आल्या आल्या नेसेनं दार लावलं. "बाई, आता? इस्पितळातून एखादा बेवारशी मेलेला मिळतोय का बघू?"

"गप बस. इतकी वर्षं नवऱ्याशिवाय काढली, आता परका पुरुष आणून निजवू तिथं?"

"मग जाऊ दे ती पेटी भट्टीत. दगडच तो."

"आणि मी कुठं जाऊ?" मिंगार्दाबाई कडाडल्या. "सासऱ्यांच्या खड्ड्यात? दोन्ही दिरांच्या मधे? जन्मभर त्या दोघांना चुकवलं ते मेल्यावर त्यांच्या कुशीत झोपायला? ती पेटी माझी आहे, नेसे. बांदीनोसाठी म्हणून घेतली, पण माझ्या उंचीची बघून निवडली होती."

नेसेनं कपाळावर, छातीवर बोटांनी क्रूस काढला. हरभऱ्याचं धिरडं तव्यावर करपलं, ते दोघींनी तसंच खाल्लं.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून चर्चच्या भिंतीशी जत्रा भरली. पेट्यांच्या वारसांपेक्षा बघेच जास्त. काही जण, सैतानानं नखं मारली म्हणतात त्या भिंतीतल्या दगडापाशी उभे राहून त्यातली भोकं मोजत होते. तो आकडा दोघांचा कधी जुळत नाही, आणि तरी मोजल्याशिवाय पिसातला माणूस पुढं जात नाही. त्या गर्दीत गाद्दोशेठ होते. दोरखंडांचे मोठे व्यापारी. साऱ्या बंदराची जहाजं त्यांच्या दोरांना बांधलेली, आणि बोलणंही तसंच, पीळदार. ओवरीच्या दाराशी एक जागा होती. सकाळचं ऊन तिथं पडे, आणि चर्चमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथं जाई. ती जागा गाद्दोशेठना आपल्या आजोबांसाठी हवी होती. मिंगार्दाबाईंनाही तीच हवी होती. बाकीच्यांनी आपापला मोह आवरला होता, कारण या दोघांच्या मधे पडण्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात पडलेलं बरं.

फादर बाईंच्या पेटीपाशी आले, वाकले आणि काचा सारख्या करून म्हणाले, "मिंगार्दाबाई, हा नागडा माणूस कोण?"

"नोहा, फादर."

"नोहा?"

"जलप्रलय ओसरल्यावर त्यानं द्राक्षमळा लावला, दारू प्याला आणि उघडाच लोळला. बायबलात आहे. तुम्हीच सांगितलंत, मी पुढंच उभी होते."

फादरांना नाही म्हणता येईना. डोक्यावर द्राक्षांचे घोस, हातात पेला, दोघांनी धरल्याशिवाय उभं राहवत नाही. रोमन लोकांचा दारूचा देव खरा, पण नोहाही याहून वेगळा दिसला नसता.

"आणि या नाचणाऱ्या बाया?"

"सुना. तीन मुलगे, तीन सुना."

"इथं चार आहेत," गाद्दोशेठ मागून म्हणाले.

"चौथी मोलकरीण. एवढा पूर उतरल्यावर घरातला गाळ काय नोहा काढणार होता, गाद्दोशेठ? तुमच्या घरी काढता का तुम्ही?"

लोक हसले. गाद्दोशेठ पुढं सरसावले. "हा बिबट्या एकटाच कसा? जहाजावर तर जोड्या घेतल्या होत्या."

"मादी पलीकडच्या अंगाला असेल. पेटी हलवली की दिसेल."

पेट्या हलवणाऱ्यांचा मुकादम पुच्चो पहारीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, "बाई, पलीकडं नुसता सपाट दगड आहे. मी हात फिरवून पाहिलाय."

"मग व्यायला गेली असेल. पुच्चो, तू पेट्या उचल, बिबटे मोजू नकोस."

फादरांचं बोट शेवटच्या आकृतीवर थांबलं. तोंड माणसाचं, डोक्यावर शिंगं, कमरेखाली बोकडाचे पाय, आणि चेहऱ्यावर असं हसू की चारचौघांत त्याचा अर्थ विचारू नये. "हा कोण?"

नेसेनं डोळे मिटले.

"फादर," मिंगार्दाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "देवाचा हुकूम होता, जोडीनंच चढा. या बिचाऱ्याला जोडीदार मिळाला नाही. म्हणून अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा एकटाच जोडी होऊन चढला."

फादर तेपेर्तोंना खोकला आला. तो बराच वेळ टिकला. मग डोळे पुसून ते म्हणाले, "नोहा. मंजूर."

गाद्दोशेठच्या पेटीवर सिंहाची शिकार होती. शिकारी इथंही नागडाच होता. "बायबलातला सिंह फाडणारा शमशोन," शेठ म्हणाले. "कपडे?" फादरांनी विचारलं. "सिंह अचानक आला." तेही मंजूर झालं. फादर मुळात माणूस चांगला होता, आणि दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती.

पण गाद्दोशेठ जेवणाला भुलणारे नव्हते. "चित्रं झाली. आता झाकणं उघडा. आधी बाईंचं. बांदीनोला खांदा देणाऱ्यांत मी होतो. त्या दिवशी कफनात माझ्या कानानं मातीचा खुळखुळाट ऐकलाय. प्रेत खुळखुळत नाही."

"इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"इतकी वर्षं दाराजवळची जागा नव्हती."

व्यापारी माणूस माल बाजारभाव येईपर्यंत धरून ठेवतो, आणि हे मिंगार्दाबाईंइतकं कुणाला ठाऊक? पुच्चोच्या माणसांनी पहारी लावल्या. झाकण करकरलं, इंचाइंचानं सरकलं. सगळे पुढं झुकले. बाईंनी तेवढ्या वेळात जे काय मनाशी जुळवायचं ते जुळवलं.

आत माती होती. मातीवर कुजक्या कापडाच्या चिंध्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक जोडी बूट, सुरकुतलेले पण शाबूत. बाकी काही नाही. हाड नाही, दात नाही.

"बघा!" गाद्दोशेठ गरजले. "बघा, फादर! बाईंनी बूट पुरलेत!"

गर्दीतून अशी कुजबुज उठली, जशी समोरच्या बाप्तिस्मा देतात त्या गोल घुमटाखाली एक सूर टाकावा आणि त्याचे चार होऊन परत यावेत. फादर वाकून बघत राहिले. "मिंगार्दाबाई, बांदीनो कुठं आहे?"

"तेच मी बघतेय, फादर." त्या कडेशी आल्या, डोकावल्या. आवाज बिचकलेला, भोळा. "आत हे काय आहे हो?"

"माती आहे."

"माती." त्या सावकाश वळल्या. "मी बाईमाणूस, मला शास्त्र कळत नाही. तुम्ही दर उपवासकाळात सांगता म्हणून विचारते. आपल्या पिसाच्या पुण्यवान मातीत माणूस ठेवला तर ती काय करते?"

"एका दिवसात..." फादर बोलून गेले आणि थांबले.

"एका दिवसात काय, फादर? मागच्यांना ऐकू आलं नाही."

"एका दिवसात मांस खाते."

"आणि सतरा वर्षं मिळाली तर?"

बायकांनी एकदम क्रूस काढले. एक म्हातारी गुडघ्यांवरच बसली. "खाल्लं," ती म्हणाली, "हाडांसकट खाल्लं गं बाई! काय पुण्यवान माणूस!" बांदीनो पुण्यवान होता ही बातमी त्याला ओळखणाऱ्या बंदरावरच्या चार-दोन जणांना नवीन होती, पण अशा वेळी कुणी तोंड उघडत नाही.

"आणि बूट?" गाद्दोशेठ ओरडले. "बूट का नाही खाल्ले?"

"बूट बैलाचे आहेत, शेठ. बैलाचा बाप्तिस्मा झाला होता का?"

पुच्चो पहारीवरून घसरलाच.

आता गाद्दोशेठनी शहाणपणानं घरी जायचं. पण पेटलेला माणूस नफा-तोटा बघत नाही. "कशावरून ही कालवारीची माती? खरी माती बघायची असेल तर आमची बघा! आमचे आजोबा स्वतः बिशपच्या गलबतावर होते. स्वतःच्या हातांनी माती भरली त्यांनी. एक अख्खं पोतं त्यांच्या पाठीखाली अंथरलंय. उघडा!"

"शेठ, जेवून..." फादर म्हणाले.

"उघडा म्हणतो ना!"

झाकण उघडलं. आणि गाद्दोशेठच्या आजोबांनी पिसाचं दर्शन घेतलं. सगळेच्या सगळे. कवटी, बरगड्या, त्यांवर सुकलेलं मांस-कातडं तसंच, दोन्ही हात पोटावर नीट घडी घातलेले. दात तर असे एकसारखे, की गर्दीतल्या निम्म्या जिवंतांना हेवा वाटला. खाली पोतंभर माती. मातीनं त्यांना शिवलंसुद्धा नव्हतं.

कुणीतरी हळूच म्हणालं, "मातीनं नाकारलं."

"पापी होता की काय?"

"दोरात भेसळ करायचा, माझा बाप सांगायचा."

गाद्दोशेठचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. घराण्याची अब्रू भर चौकात दात विचकून पडली होती. ते चाचरत म्हणाले, "नाही, नाही... आजोबा पापी नव्हते. माती... मातीच तसली असेल! गलबतावरची म्हणून त्यांनी नदीच्या मुखाचीच कुठली तरी..."

बोलता बोलता काय बोललो ते त्यांनाच कळलं. फादर तेपेर्तोंना त्याच्याही आधी कळलं. त्यांनी नाकावरच्या काचा काढून हातात धरल्या. याच गलबतांवरची माती समोरच्या अंगणात होती. त्या अंगणाभोवती ही सारी ओवरी उभी राहिली होती, त्या मातीत झोपायला बडी बडी घराणी रांगा लावत होती. तिथं आता नदीचा गाळ निघणार? पेटीपासून बिशपपर्यंत सगळं एका वाक्याच्या अंतरावर आलं होतं.

मिंगार्दाबाईंनीही हिशेब केला. माती खोटी ठरली तर गाद्दोशेठ बुडतील हे खरं, पण त्यांच्याच गलबतात आपली पेटी आहे. बुडत्याला ढकलण्यात मजा असते, तो आपल्या दोरीला बांधलेला नसेल तेव्हाच.

त्या गाद्दोशेठच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, जणू आजोबांचं अंत्यदर्शन घ्यायला. ओठ न हलवता म्हणाल्या, "दाराजवळची जागा."

"काय?"

"दाराजवळची जागा. आजोबांची अब्रू घेऊन घरी जायचंय की मातीचं सांगायचंय?"

गाद्दोशेठनी घाम पुसला. "घ्या."

"मोठ्यानं नको, मान हलवा."

मान हलली. मिंगार्दाबाई लोकांकडं वळल्या. "अहो, असं काय बोलता मेलेल्या माणसाबद्दल! गाद्दोशेठ, आजोबा कधी वारले?"

"ते सगळ्या पिसाला माहीत आहे. मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या दिवशी. दर वर्षी आम्ही मेणबत्ती लावतो. त्याच संध्याकाळी पुरले."

"आदल्या दिवशी काय असतं, फादर?"

"कडक उपवास," फादर म्हणाले. आणि एकाएकी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आभाळ फाटून ऊन यावं तसा. "कडक उपवास! मांस वर्ज्य!"

"मग?" मिंगार्दाबाईंनी हात पसरले. "ख्रिस्ताचं रक्त सांडलेली माती. ती उपवासाच्या दिवशी मांसाला तोंड लावेल? आपण माणसं एकवेळ लपून अंडं खाऊ."

गर्दीतून समाधानाचा मोठा उसासा निघाला. काही जणांनी मातीकडं पाहून टोप्या काढल्या. मघाची म्हातारी पुन्हा गुडघ्यांवर बसली, कारण चमत्कार आता पहिल्यापेक्षाही मोठा झाला होता. खाणारी माती सगळ्यांनी ऐकली होती. उपवास पाळणारी माती फक्त पिसाजवळ होती. फ्लॉरेन्सवाले आता काय दाखवणार?

पुच्चो मात्र डोकं खाजवत होता. "पण बाई, दुसऱ्या दिवशी तर सण होता. तेव्हा का नाही खाल्लं?"

"पुच्चो, तू शिळं खातोस का?"

"मिळालं तर खातो."

"म्हणून तू पुच्चो आहेस आणि ती पवित्र माती आहे. झाकण लाव."

"लाव, लाव," फादर घाईनं म्हणाले. "दोन्ही लावा. चुन्यानं पक्की सांधा, परत कुणी उघडायची नाहीत. दोन्ही पेट्या आत जातील." त्यांनी गाद्दोशेठकडं पाहिलं. शेठ बुटांकडं बघत होते, स्वतःच्या. "दाराजवळ... मिंगार्दाबाईंची," शेठच पुटपुटले. "स्त्रीदाक्षिण्य म्हणून."

पेटी दाराशी लागली त्या रविवारी सकाळी मिंगार्दाबाई टोपलीत अंजिरं घेऊन आल्या. ऊन ठरल्यासारखं नोहाच्या पोटावर पडलं होतं. समोर घंटेचा मनोरा नेहमीसारखा कललेला. तो सरळ दिसावा म्हणून वरच्या मजल्याचे खांब एका बाजूला उंच केलेले, आणि त्यामुळं तो कलून वर वाकलेलाही दिसे. बाईंना ते काम आवडे. चूक पाडायची नाही, वरून जुळवून घ्यायची.

फादर तेपेर्तो आले आणि टेकले. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आता झाकण बंद आहे, पक्कं आहे. खरं सांगा. ती माती कुठली?"

"आमच्या परसातली. अंजिराखालची."

फादरांनी डोळे मिटले. "आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की तिनं बांदीनोला खाल्लं!"

"मी? मी फक्त विचारलं, आत काय आहे. माती तुम्ही म्हणालात. खाते तेही तुम्हीच म्हणालात." त्यांनी टोपली पुढं केली. "घ्या. माती चांगली आहे, अंजिरं गोड येतात."

फादरांनी एक अंजीर घेतलं, काचेतून उलटसुलट पाहिलं, आणि मग खाल्लं. दुसरं न विचारता घेतलं.

"आणि तो कुठं आहे, बाई? खरोखरचा?"

बोकडाच्या पायाचा तो एकटा गडी संगमरवरातून हसत होता. त्याच्या खुरावरची धूळ मिंगार्दाबाईंनी पदरानं पुसली. "अनवाणी आहे, एवढं माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, टोपली काखेला लावली. "फादर, एक काम करा. माझी वेळ आली की मला इथं घाला, बुटांशेजारी. पण उपवासाचाच दिवस बघून. एवढ्या खटपटीनं मिळवलेल्या पेटीत कुणीतरी एक जण तरी पुरता असावा."